हातात टॉर्च नव्हती, डिसेंबरची रात्र होती.. तरी अनंत कान्हेरेंनी जॅक्सनला कसं ओळखलं?

अकोले, संगमनेर, राहुरी या भागात हिवाळ्यात रात्रीचं पाणी धरायला जाणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, हातात काय असतं? उत्तर ठरलेलं आहे. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बॅटरी. शेतीची वीज रात्री येते, उसात बिबट्या असतो आणि थंडीने बोटं वाकत नाहीत. अशा वेळी नियम एकच. आधी उजेड टाकायचा, समोर काय आहे ते बघायचं आणि मग काठी उचलायची. नाहीतर बिबट्या समजून शेजारच्या वस्तीवरच्या माणसालाच काठी बसायची.

पोलीस आणि सैन्यात पिस्तुलाचं प्रशिक्षण देताना हाच नियम वेगळ्या शब्दांत शिकवला जातो. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात टॉर्च. टॉर्चचं पहिलं काम समोरचा माणूस ओळखणं, नेम धरणं हे त्यानंतरचं.

पण ज्या काळात हातातली टॉर्च आपल्याकडे जवळपास कुणाकडेच नव्हती, त्या काळात अंधारात पिस्तूल हातात घेणारा माणूस काय करत असेल?

या प्रश्नाचं उत्तर नगरच्या शेजारच्या नाशिकमध्ये सापडतं. तारीख होती २१ डिसेंबर १९०९. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रींपैकी एक. त्या रात्री एका भरलेल्या नाट्यगृहात नाशिकच्या कलेक्टरवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्याचं वय होतं १८. नाव, अनंत लक्ष्मण कान्हेरे.

ही गोष्ट त्यांचीच आहे.

कोकणातला पोरगा औरंगाबादला आला

अनंत कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. गावाचं नाव आयनी. घरची परिस्थिती बेताची. त्या काळात कोकणातल्या अनेक घरांतली मुलं शिकायला देशावर नातेवाइकांकडे जायची, तसेच अनंतही गेले. इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला मामांकडे आले. मामांचं नाव गोविंद भास्कर बर्वे.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे इंग्रजांच्या थेट अमलाबाहेर. १९०० च्या सुमारास मनमाड ते औरंगाबाद आणि पुढे सिकंदराबाद अशी रेल्वे सुरू झाली होती, त्यामुळे नाशिक, येवला आणि औरंगाबाद ही गावं एकमेकांना जोडली गेली. माल यायचा, माणसं यायची, वर्तमानपत्रं यायची आणि त्याच गाडीने गुप्त संघटनांची कुजबुजही यायची.

औरंगाबादेत अनंतांची गंगाराम रूपचंद मारवाडी या तरुणाशी घट्ट मैत्री झाली. इतकी घट्ट की अनंतांनी त्यावर चक्क एक कादंबरी लिहिली. नाव ठेवलं 'मित्रप्रेम'. पुढे ज्या माणसाचं नाव क्रांतिकारकांच्या यादीत गेलं, तो माणूस सतरा-अठराव्या वर्षी दोस्तीवर कादंबरी लिहीत होता, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

गंगाराम यांचा संबंध येवल्याच्या आणि नाशिकच्या क्रांतिकारक मंडळींशी होता. हत्यारं मिळवण्याच्या खटपटीत नाशिकचे गणू वैद्य औरंगाबादला आले आणि त्यांच्यामुळे अनंत या वर्तुळात ओढले गेले.

पण अशा कामात कुणालाही सहज घेत नसत. अनंतांचीही परीक्षा झाल्याचं सांगितलं जातं. तापवलेल्या लोखंडावर आणि पेटत्या दिव्याच्या तापलेल्या काचेवर त्यांना हात ठेवायला लावला. पोराने हात ठेवला आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. पोलिसांनी पकडलं, मारलं तर हा तोंड उघडेल का, हे तपासायची ती पद्धत होती.

जॅक्सन कोण होता?

आता दुसऱ्या बाजूचा माणूस बघू. ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचे कलेक्टर. साधा गोरा साहेब म्हणून त्यांच्याकडे बघून चालत नाही. संस्कृतचा त्यांचा अभ्यास होता, त्यामुळे लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. मराठी बोलायचे, नाटकं बघायचे. गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुती, देवदेवस्की, रीतिरिवाज यांची माहिती त्यांनी गोळा केली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आजही लोकसंस्कृतीचे अभ्यासक ती चाळतात.

मग राग कशाचा होता?

नाशिक हे तेव्हा अभिनव भारत या गुप्त संघटनेचं घर होतं. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेल्यावर इकडचा कारभार त्यांचे थोरले भाऊ गणेश, म्हणजे बाबाराव सावरकर बघत होते. बाबारावांनी काही कविता छापल्या. सरकारने त्यात राजाविरुद्धचं बंड शोधलं. बाबारावांवर खटला उभा राहिला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. घरदार जप्त.

कविता छापल्याबद्दल जन्मठेप.. ही बातमी नाशिकच्या तरुणांना सहन होण्यासारखी नव्हती. बाबारावांवर कारवाई करून त्यांना खटल्यासाठी वरच्या कोर्टात पाठवणारे अधिकारी होते जॅक्सन. बाबासाहेब खरे यांच्यासारख्या राष्ट्रीय विचाराच्या वकिलावर झालेल्या कारवाईचा रागही त्यांच्याच नावावर जमा होत होता. गोड बोलतो, संस्कृत म्हणतो आणि मुळावर घाव घालतो, असं या तरुणांचं जॅक्सनबद्दलचं मत झालं.

नाशिकच्या गटाचे पुढारी होते कृष्णाजी गोपाळ कर्वे. ते कायद्याचे विद्यार्थी होते. त्यांच्या जोडीला विनायक नारायण देशपांडे, पेशाने शिक्षक. सोबत शंकर सोमण, गणू वैद्य, दत्तात्रय जोशी आणि वामन उर्फ दाजी जोशी. हे दाजी जोशी नगर जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या समशेरपूरचे. अकोले आणि नाशिकची हद्द एकमेकांना लागून आहे, त्यामुळे या भागातल्या माणसांचा ओढा नगरपेक्षा नाशिककडे जास्त, आजही आहे.

तसा नगर जिल्ह्याचा या वर्तुळाशी आणखी एक धागा होता. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट. लंडनच्या इंडिया हाऊसमधल्या मंडळींपैकी ते एक. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून मिळवलेली बॉम्बची माहिती घेऊन ते १९०८ मध्ये भारतात परतले होते.

पेटीच्या खोट्या तळात २० पिस्तुलं

बॉम्बची विद्या आली, पण पिस्तूल? भारतात १८७८ च्या कायद्याने सामान्य माणसाकडून हत्यार काढून घेतलेलं. परवान्याशिवाय पिस्तूल मिळणं जवळपास अशक्य.

ही अडचण लंडनहून सुटली. इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारे चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला मुंबईला परतत होते. त्यांच्या सामानातल्या पेटीला खोटा तळ बसवला होता. त्या तळाखाली होती २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं. ही पिस्तुलं सावरकरांनी पाठवली होती. पेटी मुंबई बंदरातून सुखरूप बाहेर पडली आणि त्यातली काही पिस्तुलं नाशिकला पोचली.

ब्राउनिंग ही त्या काळातली नवी चीज होती. बेल्जियममधल्या कारखान्यात बनायची. जुन्या रिव्हॉल्व्हरला गोल फिरणारी चकती असते आणि चाप जोरात ओढावा लागतो. ब्राउनिंगमध्ये गोळ्या मुठीतल्या खोबणीत एकावर एक भरलेल्या असायच्या. एक झाडली की दुसरी आपोआप वर यायची. आकाराने चपटं, त्यामुळे कपड्यात सहज मावायचं.

थोडक्यात, हत्यार आलं. आता प्रश्न होता तो वापरायचा कधी आणि कुठे?

अंधाराचा जुना अनुभव

इथे थोडं मागे जाऊ, कारण अंधार आणि हत्यार यांची सांगड घालणारे प्रसंग याआधीही घडले होते आणि त्यांची चर्चा देशभर झाली होती.

२२ जून १८९७. पुण्यात राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रँड रात्री गणेशखिंडीतून परतत होता. दामोदर चापेकरांनी मागून बग्गीवर चढून त्याच्यावर गोळी झाडली. पण मागच्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता. अंधारात त्या बग्गीतली माणसं कुजबुजताहेत, आपल्याला त्यांनी बघितलं असावं, अशा संशयाने बाळकृष्ण चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला.

३० एप्रिल १९०८. बिहारमधलं मुझफ्फरपूर. खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी न्यायाधीश किंग्जफोर्डच्या बग्गीची वाट बघत रात्री थांबले होते. बग्गी आली, बॉम्ब पडला. पण ती बग्गी किंग्जफोर्डची नव्हती. तशीच दिसणारी दुसरी होती. आत केनेडी नावाच्या बाई आणि त्यांची मुलगी होत्या. दोघींचा जीव गेला. याच प्रकरणावर केसरीत लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवलं.

१ जुलै १९०९. लंडन. मदनलाल धिंग्रांनी एका समारंभात कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. सभागृहात दिव्यांचा लखलखाट होता. माणूस ओळखण्यात चूक झाली नाही. तरी वाचवायला मध्ये आलेले डॉक्टर कावस लालकाका हे पारशी गृहस्थ मारले गेले.

तीन घटना, तीन वेगळी माणसं. पण एक गोष्ट सारखी दिसते. हात किती धीट आहे यापेक्षा समोर कोण आहे हे कळतंय का, यावर सगळं अवलंबून असतं. अंधार जितका जास्त तितका निरपराध माणूस मरण्याचा धोका जास्त.

अंधारात नेमकं बिघडतं काय?

हे जरा विज्ञानाच्या बाजूने समजून घेऊ.

माणसाच्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक उजेडात काम करतात, त्या रंग आणि बारकावे दाखवतात. दुसऱ्या अंधारात काम करतात, त्या फक्त आकार आणि हालचाल दाखवतात. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. आणि सरावलेला डोळासुद्धा चेहरा ओळखू शकत नाही. त्याला फक्त कुणीतरी आहे एवढंच कळतं.

पिस्तुलाचं तर आणखी अवघड. नेम धरायला नळीच्या टोकावर जी बारीक माशी असते, ती अंधारात दिसतच नाही. पहिली गोळी झाडली की तोंडाशी जाळ होतो आणि सरावलेले डोळे क्षणभर दिपून जातात.

त्यात थंडी आली तर? बोटं बधिर होतात. चापावर किती दाब पडतोय ते कळत नाही. हात थरथरतो. हातमोजे घातले तर बोट चापात नीट बसत नाही. आणि हातात टॉर्च असेल तर तिचंही थंडीत अवघड होतं. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते, उजेड पिवळा पडतो. कडाक्याच्या थंडीत तर आपल्याच श्वासाची वाफ उजेडाच्या झोतात येते आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो.

या अडचणींवर उपाय शोधायला जगाला बरीच वर्षं लागली. हातात धरायच्या विजेच्या टॉर्चचं पेटंट अमेरिकेत १८९९ मध्ये निघालं. डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाचं ते काम. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ती वापरून पाहिली. पण तेव्हाचे सेल इतके कमजोर होते की टॉर्च सलग पेटत नसे. जरा वेळ उजेड, मग विश्रांती. म्हणून तर इंग्रजीत तिला फ्लॅशलाइट हे नाव पडलं.

पुढे टॉर्च सुधारली आणि ती पिस्तुलासोबत कशी धरायची याच्या रीती ठरत गेल्या. अमेरिकेच्या एफबीआयच्या नावाने ओळखली जाणारी रीत म्हणजे टॉर्चचा हात अंगापासून लांब, डोक्याच्या वर धरायचा. समोरच्याने उजेडाच्या दिशेने गोळी झाडली तरी ती अंगाला लागू नये हा हेतू. १९७० च्या दशकात मायकल हॅरीस या अमेरिकन माणसाने दोन्ही मनगटं एकमेकांत अडकवून, हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायची रीत रुळवली. त्यामुळे टॉर्चचा झोत आणि नळी एकाच दिशेला राहतात आणि थरथरणाऱ्या हाताला आधार मिळतो. तिसरी रीत म्हणजे टॉर्च मानेजवळ, जबड्याला टेकवून धरायची. मान वळली की उजेड वळतो.

रीती वेगळ्या असल्या तरी शिकवणारे सगळे जण एकच क्रम सांगतात. उजेड, ओळख, निर्णय. गोळी त्याच्यानंतर आणि शक्यतो नाहीच.

आपल्या गावाकडे टॉर्चला आजही बॅटरी म्हणतात आणि पुस्तकात विजेरी. पण १९०९ च्या नाशिकमध्ये कान्हेरेंच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

उजेड नव्हता, म्हणून दिवसा चेहरा पाहून ठेवला

बाबारावांच्या शिक्षेनंतर अनंत कान्हेरेंनी जॅक्सनला मारायची जबाबदारी स्वतःवर घेतली. ते औरंगाबादहून नाशिकला आले. पिस्तूल चालवायचा सराव केला. आणि एक महत्त्वाचं काम केलं. जॅक्सन ज्या कचेरीत बसतो तिथे दिवसाउजेडी जाऊन त्याला नीट बघून घेतलं.

ही गोष्ट साधी वाटते, पण मुझफ्फरपूरची चूक आठवली की तिचं महत्त्व कळतं. तिथे बग्गी ओळखली होती, माणूस नाही. इथे माणूस ओळखून ठेवला. रात्री उजेड कमी असला तरी चालण्याची ढब, अंगकाठी, चेहरा हे सगळं डोक्यात आधीच पक्कं होतं.

सुरुवातीचा बेत जानेवारी १९१० चा होता असं सांगितलं जातं. पण डिसेंबरात बातमी आली की जॅक्सनची बढतीवर मुंबईला बदली झाली आहे. साहेब एकदा नाशिकमधून हलले की पुन्हा हाताला लागणार नव्हते. बेत अलीकडे ओढावा लागला.

नाशिककरांनी जॅक्सनच्या निरोपासाठी नाटक ठेवलं होतं. विजयानंद नाट्यगृहात, २१ डिसेंबरच्या रात्री. नाटक होतं गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', करणार होती किर्लोस्कर नाटक मंडळी. बालगंधर्व तेव्हा याच मंडळीत होते. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या लहान मुलीची ती गोष्ट महाराष्ट्राने डोक्यावर घेतली होती आणि मराठी नाटकांचा शौक असणारे जॅक्सन येणार हे नक्की होतं.

कर्वे, देशपांडे आणि कान्हेरे यांनी ठरवलं की तिघांनीही हत्यारं घेऊन जायचं. पहिली गोळी कान्हेरे झाडणार. ते चुकले तर देशपांडे, त्यांचंही जमलं नाही तर कर्वे. काम झालं की कान्हेरेंनी स्वतःचा जीव घ्यायचा, म्हणजे पोलिसांच्या हाती कुणी लागणार नाही आणि बाकीची नावं बाहेर येणार नाहीत. ही योजना १८ वर्षांच्या मुलाने मान्य केली होती.

२१ डिसेंबरची रात्र

नाशिकचा डिसेंबर कसा असतो हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या निफाडचा पारा दरवर्षी बातम्यांत असतो. रात्री नऊ-साडेनऊची वेळ. त्या काळात बहुतेक गावांत वीज नव्हती. नाट्यगृहांमध्ये रॉकेलचे दिवे, किटसनच्या बत्त्या पेटायच्या. त्यांचा उजेड रंगमंचावर भरपूर, प्रेक्षकांत मध्यम आणि कडेला सावल्या. थंडीमुळे जो तो कोट, शाल, उपरण्यात गुंडाळलेला.

कान्हेरे आधीच येऊन बसले होते. जॅक्सन आले. मंडळी उठून उभी राहिली, स्वागत झालं. साहेब आपल्या जागेकडे निघाले आणि कान्हेरे पुढे झाले.

अंतर अगदी थोडं होतं. तरी पहिली गोळी चुकली. ती जॅक्सनच्या काखेखालून निघून गेल्याचं सांगतात. रिकाम्या मैदानात सराव करणं वेगळं आणि गर्दीत, अपुऱ्या उजेडात, जिवंत माणसासमोर चाप ओढणं वेगळं. पण ब्राउनिंगमध्ये पुढची गोळी आपोआप वर आली होती. कान्हेरेंनी एकापाठोपाठ आणखी चार गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच कोसळले आणि गेले.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. भरलेल्या नाट्यगृहात पाच गोळ्या सुटल्या, त्यातली एक चुकलेली. तरी दुसरं कुणी मेलं नाही. यात दिवसा पाहून ठेवलेल्या चेहऱ्याचा भाग होता, अगदी जवळ जाण्याचा भाग होता आणि नशिबाचाही मोठा भाग होता. चुकलेली गोळी कुठेही जाऊ शकली असती.

पुढच्या काही क्षणांत जवळ बसलेले पळशीकर आणि निवृत्त पोलीस अधिकारी मारुतराव तोरडमल यांनी कान्हेरेंवर झडप घातली. काठीचे तडाखे बसले. स्वतःचा जीव घ्यायचा बेत तिथेच फसला. कान्हेरे जिवंत पकडले गेले.

एका पिस्तुलाने उघडलेली दारं

कान्हेरे जिवंत सापडल्यामुळे पुढचं सगळं घडलं. धरपकड सुरू झाली. कर्वे, देशपांडे आणि बाकीचे हाती लागले. हत्यारं सापडली. ब्राउनिंग कुठून आलं याचा माग काढता काढता पोलीस खोट्या तळाच्या पेटीपर्यंत आणि तिथून थेट लंडनपर्यंत पोचले.

जॅक्सन खुनाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. २९ मार्च १९१० ला निकाल लागला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी. शंकर सोमण, गणू वैद्य आणि समशेरपूरचे दाजी जोशी यांना जन्मठेप, काळं पाणी. दत्तात्रय जोशींना दोन वर्षं सक्तमजुरी.

निकालाला महिनाही झाला नव्हता, तोच १९ एप्रिल १९१० ला सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी दिली. प्रेतं नातेवाइकांच्या ताब्यात दिली नाहीत. सरकारनेच ती खाडीकाठी जाळली आणि राखही मागे ठेवली नाही. आयनीच्या घरी मुलाचं काहीच परत आलं नाही.

दाजी जोशी अंदमानला गेले. अकोल्याच्या डोंगराळ भागातला माणूस समुद्रापलीकडच्या सेल्युलर जेलमध्ये पोचला. बाबाराव सावरकर तिथेच होते.

लंडनमध्ये १३ मार्च १९१० ला विनायक सावरकरांना अटक झाली. त्यांना भारतात आणताना जुलैमध्ये मार्सेलिस बंदरात त्यांनी बोटीतून समुद्रात उडी मारली, ती घटना जगभर गाजली. नाशिक कटाच्या खटल्यात त्यांना एक जन्मठेप झाली आणि जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याबद्दल जानेवारी १९११ मध्ये दुसरी. दोन मिळून ५० वर्षं. नाशिक कटाच्या मोठ्या खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले होते. नाशिकमधली अभिनव भारतची फळी जवळपास मोडून पडली.

मग या गोष्टीकडे बघायचं कसं?

जॅक्सनच्या खुनाबद्दल तेव्हाही दोन मतं होती आणि आजही आहेत. एका बाजूला लोक म्हणतात, कविता छापणाऱ्याला जन्मठेप देणाऱ्या राज्याला उत्तर द्यायचा दुसरा रस्ता उरला नव्हता. दुसऱ्या बाजूला लोक म्हणतात, मारला गेलेला माणूस इथल्या भाषेवर आणि लोकांवर प्रेम करणारा अभ्यासक होता आणि रँडसारख्या अधिकाऱ्याच्या रांगेत त्याला बसवता येत नाही. जॅक्सन नुसता माणूस म्हणून मारला गेला नाही, तो बसलेल्या खुर्चीसाठी मारला गेला, असंही इतिहासाचे जाणकार सांगतात.

अंधारात माणूस ओळखणं म्हणजे काय, हा प्रश्न इथे जरा मोठा होतो. चेहरा ओळखता येतो. दिवसा कचेरीत जाऊन पाहून ठेवता येतो. पण त्या चेहऱ्यामागचा माणूस खरंच कोण आहे, तो दोषी किती आणि त्याच्या मागचं राज्य दोषी किती, हे १८ वर्षांच्या मुलाला कुणी समजावलं होतं का? आणि ज्या राज्याने त्या मुलाला निकालानंतर तीन आठवड्यांत फासावर चढवलं, त्याने तरी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं होतं का? दोस्तीवर कादंबरी लिहिणारा पोरगा त्या चेहऱ्यामागे होता, याची नोंद खटल्याला गरजेची वाटली नाही.

एवढं मात्र खरं की अनंत कान्हेरेंनी पळून जायची योजना केलीच नव्हती. आपण यातून जिवंत परतणार नाही, हे त्यांनी औरंगाबाद सोडतानाच मान्य केलं होतं. म्हणूनच महाराष्ट्राने त्यांना हुतात्मा म्हटलं.

आज नाशिकमध्ये गोल्फ क्लबचं मैदान हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणून ओळखलं जातं. रणजीचे सामने तिथे होतात, सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. विजयानंद हे नाव जुन्या नाशिककरांच्या तोंडी अजून आहे. २०१४ मध्ये या प्रकरणावर '१९०९' नावाचा मराठी सिनेमाही येऊन गेला.

कान्हेरेंचं नाव निदान मैदानावर तरी आहे. समशेरपूरच्या दाजी जोशींचं नाव मात्र नगर जिल्ह्यातही फार थोड्या लोकांना माहीत आहे. पुढच्या वेळी अकोल्याकडून सिन्नर-नाशिकच्या रस्त्याने जाताना समशेरपूरची पाटी दिसली, तर या गावातला एक माणूस त्या थंडीच्या रात्रीमुळे अंदमानपर्यंत गेला होता, एवढं लक्षात ठेवा.